रथसप्तमी आणि शाळेचे अंगण

माघ शुद्ध सप्तमीस रथसप्तमी म्हणतात. या दिवशी रथारूढ सूर्याचे चित्र काढून त्याची पूजा करितात व अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालवितात. पुष्कळ स्त्रिया उपवास करितात. संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवाचीही समाप्ती याच दिवशी होते.

सूर्याचा रथ आता उत्तरेस वळला, अशी लोकसमजूत आहे. वस्तुतः उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारासच सुरू होते. परंतु त्याचा परिणाम डोळ्यांस जाणवतो तो या सणाच्या वेळी. फेब्रुवारीच्या प्रारंभी श्रीपूर येथे दिवस सुमारे २० मिनिटांनी वाढलेला असतो.

शिक्षकांनी हे मुलांकडून पडताळून घ्यावे. अंगणात १ मीटर उंचीची काठी सरळ रोवावी. दुपारी साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान सावली सर्वांत आखूड असते. ती २२ डिसेंबरास सुमारे ८८ सेंटिमीटर, तर फेब्रुवारीच्या प्रारंभी सुमारे ६७ सेंटिमीटर भरते. डिसेंबरातील माप फळ्याच्या कडेस लिहून ठेवावे.

सूर्यनमस्कार सकाळच्या कोवळ्या उन्हात घ्यावेत. बालकांना उपवासाचा आग्रह करू नये. सूर्याकडे रोखून पाहू देऊ नये. त्याने दृष्टीस कायमची इजा होऊ शकते.

हे दिवस ऊसतोडीचे असतात. तोडणी कामगारांच्या कोप्यांवरील मुलांस या कार्यक्रमास आवर्जून बोलवावे. सावली मोजावयास पाटी-पुस्तक लागत नाही. आणि अंगणात आलेले मूल दुसऱ्या दिवशी वर्गात बसविणे सोपे जाते.