ठेका वाढवावा की हात?

संगणक आता तालुक्याच्या गावापुरता राहिलेला नाही. तो शाळेत आला, पुष्कळ घरांतही आला, आणि त्याच्या मागोमाग एक नवा खर्च आला. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला ग्राफिक्स कार्ड हवं." कुणाला ते खेळांसाठी हवे असते, कुणाला चित्रफिती जुळवायला, कुणाला हलती चित्रे तयार करायला. किंमत ऐकून घरचे कर्ते माणूस गप्प होते. मग एखादा जाणता पुतण्या सुचवतो, "काका, स्वस्तातलं घ्या. मी त्याचं ओव्हरक्लॉकिंग करून देतो. महागड्या कार्डासारखं पळेल." हा सल्ला कितपत खरा, ते आज पाहू. कारण यात जाणारा पैसा कष्टाचा असतो, आणि एकदा घेतलेली वस्तू दुकानदार सहसा परत घेत नाही.

आधी हे कार्ड करते काय, ते समजून घेऊ. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायचा, आणि तोही सेकंदाला पन्नास-साठ वेळा. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. म्हणून कार्डावरच्या चिपेत शेकडो, हजारो लहान गणकघटक एकाच वेळी राबत असतात.

भाताची लावणी डोळ्यांपुढे आणा. खाचरात बाया ओळीने उभ्या आहेत, गाणे चालू आहे, आणि त्याच्या ठेक्यावर सर्वांचे हात एकदम चालत आहेत. या बाया म्हणजे ते गणकघटक. ठेका म्हणजे चिपेचा वेग. तो मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. रोपांच्या जुड्या आणून देणारे गडी म्हणजे कार्डाच्या स्मृतीतून माहिती आणणारी वाट. आणि जुड्या ठेवायला बांधावर असलेली जागा म्हणजे ती स्मृती. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कारखान्याने ठरवून दिलेला ठेका आपण वाढवणे. गड्यांची चालही त्यात थोडी वाढवता येते. पण महागडे कार्ड घेतले की बहुधा बाया वाढतात, गडी वाढतात आणि बांधही रुंद होतो.

आता खरा हिशेब मांडू. एनव्हिडिया कंपनीने २०१६ साली दोन कार्डे काढली: जीटीएक्स १०६० आणि जीटीएक्स १०७०. आज ती जुनी झाली, पण एकाच पिढीची असल्यामुळे तुलनेला सोयीची आहेत. सहा गिगाबाइट स्मृतीच्या १०६० मध्ये गणकघटक १२८०, तर १०७० मध्ये १९२०, म्हणजे दीडपट. दोघांचा मूळ ठेका मात्र एकच, १५०६ मेगाहर्ट्झ. स्मृतीतून सेकंदाला माहिती यायची ती पहिल्यात १९२ गिगाबाइट, दुसऱ्यात २५६. स्मृती पहिल्यात ६ गिगाबाइट, दुसऱ्यात ८.

अशा कार्डाचा ठेका वाढवून काम वाढते ते साधारण शेकडा पाच ते दहा. आपण दहाच धरू. १२८० बाया दहा टक्के जलद राबल्या, तर काम १४०८ बायांचे होईल. १९२० कुठे आणि १४०८ कुठे! खेळात सेकंदाला पन्नास चित्रे पडत असतील तर पंचावन्न पडतील. मोठ्या कार्डावर ती पासष्टीच्या आसपास जातात.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत बाजारात येताना पहिल्याची किंमत २४९ डॉलर होती, दुसऱ्याची ३७९. म्हणजे किंमत दीडपट, आणि प्रत्यक्ष खेळांत काम मात्र सुमारे एक तृतीयांशानेच जास्त. शिवाय मोठ्या कार्डाला विजेची सोयही मोठी लागते. कंपनीची शिफारस पहिल्यासाठी ४०० वॅटच्या पॉवर सप्लायची होती, दुसऱ्यासाठी ५०० वॅटच्या. तेव्हा "महाग ते स्वस्त पडते" ही म्हणही डोळे मिटून लावू नये.

मग ठेका हवा तेवढा का वाढवत नाहीत? तर उष्णतेमुळे. ठेका वाढवला की चिपेला विजेचा दाबही थोडा वाढवून द्यावा लागतो. दाब वाढला की विजेचा खर्च त्याच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. ठेका दहा टक्के आणि दाब दहा टक्के वाढवला, तर १.१ चा घन करा: १.३३१. म्हणजे काम फार तर दहा टक्के वाढले आणि वीज तेहतीस टक्के जास्त गेली! शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात फळ्यावर मांडायला हरकत नाही. ती सगळी वीज शेवटी उष्णतेत जाते. त्यात आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीपलीकडे जातो. चिप ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की जीव वाचवण्यासाठी आपला ठेका आपणच कमी करते. म्हणजे थंडीत बसवलेला वेग उन्हाळ्यात टिकेलच असे नाही.

मग ही ओव्हरक्लॉकिंगची कीर्ती झाली कशी? तर ती अगदीच खोटी नव्हती. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर आला. तो ३०० मेगाहर्ट्झचा म्हणून विकला जाई; पण पुष्कळांनी तो ४५० वर चालवला. एकदम दीडपट! ग्राफिक्स कार्डांतही २०१० च्या अखेरीस आलेल्या रेडिऑन एचडी ६९५० चे १४०८ गणकघटक वाढवून, कित्येकांनी वरच्या ६९७० इतके, म्हणजे १५३६ करून घेतले. तेथे बाया खाचरात आधीच हजर होत्या. त्यांना फक्त बसवून ठेवले होते. पण पुढे कारखानदारही शहाणे झाले. २०१२ सालच्या जीटीएक्स ६८० पासून एनव्हिडियाची कार्डे उष्णता आणि वीज पाहून स्वतःच ठेका वाढवू लागली. उसाचा रस कारखान्यातच काढून झाला. आपल्या हाती उरते ते चिपाड, आणि ते पिळून निघतील तेवढे थेंब.

आणि एक गोष्ट ठेका वाढवून कधीच मिळत नाही; ती म्हणजे बांधावरची जागा. सहा गिगाबाइटची स्मृती सहाचीच राहते. काम त्यात मावेनासे झाले, की माहिती संगणकाच्या मुख्य स्मृतीतून आणावी लागते. त्या काळच्या संगणकात ती वाट सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइटची होती. कार्डाच्या स्वतःच्या वाटेच्या बाराव्या हिश्श्याइतकी. जुड्याच वेळेवर येत नसतील, तर बायांनी कितीही भरभर हात चालवून काय उपयोग?

तेव्हा कार्ड घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. मुलाचे काम किती स्मृती मागते? स्वस्त कार्ड त्या कामाला किती कमी पडते? आणि वरच्या कार्डाला नवा पॉवर सप्लाय लागेल का? स्मृती कमी पडत असेल, तर वरचे कार्ड घ्या, नाहीतर थांबून पैसे साठवा. तूट दहाव्या हिश्श्याहून जास्त असेल, तरीही ठेक्यावर भिस्त ठेवू नका. तूट थोडीच असेल, तर स्वस्त कार्ड खुशाल घ्या. हमीपत्र नीट वाचा, कार्डाला वारा मोकळा ठेवा, ठेका थोडाथोडा वाढवा आणि दर वेळी तासभर काम देऊन पाहा. पडद्यावर ठिगळे दिसू लागली किंवा संगणक अडकला, की एक पायरी मागे या.

थोडक्यात, घरात असलेल्या कार्डातून थोडे जास्त काढायला ओव्हरक्लॉकिंग ठीक आहे. पण ते होईल या भरवशावर कमी ताकदीचे कार्ड विकत घेऊ नये. खाचर मोठे असेल तर आधी माणसे जमवावीत. गाणे जलद म्हणायचे की नाही, ते मग पाहता येते.