सोलेभात करताय? आधी फवारणीची तारीख पाहा

अल्लीपूर : हिंगणघाट तालुक्यात कपाशीत तुरीची तासं असतातच. डिसेंबर-जानेवारीत शेंगा भरल्या की घरोघरी सोलेभात, सोले-वांग्याची भाजी. शेंगा भाजून पोरं तर वावरातच फस्त करतात. पण शेंगा पोखरणाऱ्या अळीची फवारणीही याच दिवसांत चालते. फवारतो एक, शेंगा तोडून आणते दुसरी. दोघांचं बोलणं झालं नसलं की घोळ होतो.

काही औषधं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारी. शेंग धुतली, सोलली, शिजवली तरी सगळा अंश निघेलच असं नाही. फवारणीनंतर किती दिवस थांबायचं, ते डब्यासोबतच्या माहितीपत्रकात असतं. प्रत्येक औषधाचे दिवस वेगळे. समजलं नाही तर दुकानदाराला विचारा आणि तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा.

त्यापेक्षा घरच्या खाण्यापुरती दोन तासं वेगळी ठेवलेली बरी. त्यांवर 5 टक्के निंबोळी अर्कच मारा : 5 किलो निंबोळी पूड रात्रभर भिजवून गाळायची, पाणी टाकून 100 लिटर करायचं. थोडी अळी राहील, ती सोलताना दिसते. शेजारच्या वावरातली फवारणी वाऱ्याने येते त्या बाजूची तासं मात्र यासाठी घेऊ नका.