फिलिपिनो माणूस आणि इंग्रजी खाणे-पिणे

फिलिपिनोत खाण्याचा धातू 'काइन', पिण्याचा 'इनोम'. क्रियापद काळापेक्षा क्रिया पुरी झाली की चालू आहे, हे सांगते: 'कुमाइन' म्हणजे खाल्ले, 'कुमाकाइन' म्हणजे खाणे चालू, 'काकाइन' म्हणजे अजून खायचे आहे. धातूच्या पोटात 'उम' शिरतो, सुरुवातीचे अक्षर दुणावते, सगळे नियमात. इंग्रजीत मात्र ईट-एट-ईटन, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक पाठच करावे लागते. त्यातला 'ड्रंक' तर झिंगलेल्या माणसालाही लागतो, म्हणून जपून!

खरी गंमत औषधाशी. फिलिपिनोत गोळीसुद्धा 'पितात', त्यामुळे शिकणारा सहज 'ड्रिंक मेडिसिन' म्हणून जातो. इंग्रजीला तिथे 'टेक' हवे; आपण मराठीत औषध घेतोच. चावणे, गिळणे, चाटणे यांना 'च्यू', 'स्वॉलो', 'लिक' असे सरळ जोड मिळतात. गरम रस्सा ओठांनी ओढून पिण्याला 'हिगोप' म्हणतात. इंग्रजीत आवाज न करता प्यायलात तर 'सिप', भुरकलात तर 'स्लर्प'. पण भाताशिवाय नुसते कालवण खात सुटणे, म्हणजे 'पापाक', याला इंग्रजीत एका शब्दाचे क्रियापद नाही. तिथे अख्खे वाक्यच रचावे लागते.