कांगड्याचा चहा : पान तयार, खुडणारे हात कमी

चहा म्हटले की आपल्याला आसाम, दार्जिलिंग किंवा निलगिरी आठवते. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यातही पावणेदोनशे वर्षांपासून चहा पिकतो, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नसते. शेतकरी बंधूंनी या भागाची माहिती मुद्दाम करून घ्यावी, कारण येथील चहा बहुतांशी लहान शेतकऱ्यांचा आहे. सुमारे ९६ टक्के चहा उत्पादकांकडे अर्ध्या हेक्टरपेक्षाही कमी बाग आहे.

या भागाचे मुख्य गाव पालमपूर हे समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंचीवर आहे. मागे धौलाधार पर्वताची चार हजार मीटरहून उंच, बर्फाच्छादित रांग आहे. मान्सूनचे ढग या भिंतीला अडतात, त्यामुळे पाऊस भरपूर पडतो. बर्फाचे व झऱ्यांचे पाणी ‘कूहल’ नावाच्या पाटांनी गावोगाव फिरवलेले आहे. पाटाची देखरेख व पाणीवाटप पाहणाऱ्या माणसाला ‘कोहली’ म्हणतात. धुळे-नाशिककडील फड पद्धतीतला पाटकरी ज्यांना माहीत आहे त्यांना हा कोहली परका वाटणार नाही. सखल खाचरांत भात व नंतर गहू, कोरडवाहू तुकड्यांत मका आणि पाणी न साचणाऱ्या उतारांवर चहा, अशी पिकांची सर्वसाधारण मांडणी दिसते. चहाला आम्लधर्मी जमीन लागते. सामू ४.५ ते ५.५ असावा आणि मुळाशी पाणी मुळीच थांबू नये.

चहा येथे आला तो १८४९ मध्ये. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डॉ. जेम्सन यांनी चिनी जातीची रोपे आणून लावली. पुढे इंग्रज मळेवाल्यांनी लागवड वाढवली. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपात सुमारे २० हजार माणसे दगावली, कारखाने कोसळले आणि बहुतेक इंग्रज बागा विकून निघून गेले. आजची लहान लहान बागांची रचना मोठ्या प्रमाणात त्यातूनच झाली आहे.

खुडणीचे गणित

एप्रिल ते ऑक्टोबर हा खुडणीचा हंगाम. दोन पाने व एक कोंब एवढेच खुडायचे आणि साधारण ७ ते १० दिवसांनी पुन्हा त्याच झुडपाकडे यायचे. पाळी चुकली की पान जून होते व चहाची प्रत उतरते. साधारण साडेचार किलो हिरव्या पानापासून एक किलो तयार चहा मिळतो. खुडलेले पान पोत्यात दाबून ठेवले तर तापून लाल पडते, म्हणून ते त्याच दिवशी कारखान्यात जावे लागते. तेथे ते कोमेजवणे, वळणे, आंबवणे व वाळवणे या क्रमाने काळा चहा तयार होतो. अर्ध्या हेक्टरच्या मालकाला स्वतःचा कारखाना परवडणे शक्य नाही. म्हणून पालमपूर, बैजनाथ, बीड व सिद्धबाडी येथे सहकारी कारखाने काढण्यात आले, पण ते सगळे सारखे चालले नाहीत.

खरी अडचण मजुरांची आहे. पहिल्या बहराचे पान उत्तम प्रतीचे असते. ते एप्रिलमध्ये येते आणि त्याच सुमारास गहू कापणीला येतो. पावसाचा बहर भात लावणीवर येतो. घरात दोन हात असतील तर शेतकरी आधी धान्य सांभाळतो, आणि त्याला दोष देता येणार नाही. त्यातून तरुण मंडळी गावात राहत नाहीत. कांगडा हा सैन्यभरतीसाठी प्रसिद्ध जिल्हा आहे. पहिले परमवीरचक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा याच जिल्ह्यातले. बाकीचे नोकरीसाठी पंजाब-दिल्लीकडे जातात.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९९८ मध्ये १७ लाख किलोंहून अधिक चहा तयार झाला होता. त्यानंतर उत्पादन बरेच खाली आले आणि कित्येक बागा पडीक झाल्या. नावाची मात्र कमतरता नाही. २००५ मध्ये या चहाला भौगोलिक मानांकन मिळाले व २०२३ मध्ये युरोपीय संघानेही त्याची नोंद केली.

यंत्राने खुडणी करण्याचा उपाय सुचवला जातो. काही बागांत तो वापरातही आहे. पण यंत्र कोवळे-जून पाहत नाही, एका पातळीवर सरसकट कापते. झुडपाचा माथा सपाट राखलेला असेल आणि पाळी वेळेवर असेल तरच त्यातून बऱ्या प्रतीचे पान मिळते. माझ्या मते पहिला बहर हाताने आणि पावसाळी बहर यंत्राने खुडणे, हा मधला मार्ग लहान बागाइतदाराला परवडण्यासारखा आहे.

पडीक बाग पुन्हा धरताना

चहा हे मुळात झाड आहे. छाटणीने आपण त्याला कमरेएवढे ठेवतो. काही वर्षे सोडून दिले की ते सरळ वर जाते आणि पान हाताच्या आवाक्याबाहेर जाते. अशा बागेत हिवाळ्यात, झाड विसाव्यात असताना, जोरकस खालची छाटणी करावी लागते. मेलेल्या झाडांच्या जागी नवी रोपे लावतात. फुटव्यांचा माथा एका पातळीत येईपर्यंत खुडणी बेताने करतात. छाटलेल्या तुकड्यातून पहिल्या वर्षी विकण्याजोगे पान जवळजवळ मिळत नाही. म्हणून जाणते बागाइतदार सगळी बाग एकदम छाटत नाहीत, दरवर्षी एकच तुकडा छाटायला घेतात.