जर्मन सुरांची पेटी

आमच्या भोपाळच्या मराठी वस्तीत पेटी बाहेर काढण्याचा एक ठरलेला विधी असे. १९५६ साली नवे मध्य प्रदेश राज्य निर्माण झाले आणि नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबे तात्या टोपे नगरातील सरकारी घरांत राहावयास आली. ट्रंका, पाटा-वरवंटा आणि देव्हारा यांच्याबरोबर पुष्कळांनी पेटीही आणली. गणपतीत किंवा कोजागरीला ती पलंगाखालून निघे, तिच्यावरचा खादीचा अभ्रा दूर केला जाई, आणि पहिला सूर उमटण्यापूर्वीच घरातील वडीलधारे गृहस्थ आवर्जून सांगत, "जर्मन सूर आहेत, बरं का!" खादीचा अभ्रा आणि आतले जर्मन सूर यांत काही विसंगती आहे, असे त्या बैठकीत कोणाच्या मनात आल्याचे मला स्मरत नाही. आमच्या घरीही तशीच पेटी होती आणि ते वाक्य मीही पाहुण्यांना अनेकदा ऐकवले आहे.

त्या विसंगतीची आठवण गतवर्षी झाली. आमच्या शाळेला वाद्ये घेण्यासाठी थोडे अनुदान मिळाले. संगीताची आवड असलेल्या एका तरुण शिक्षिकेने विद्युत कीबोर्ड घ्यावा असे सुचविले. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यावर माणसाला व्याख्यान देण्याची खोड लागते, तशी ती मलाही आहे. मी स्वदेशीवर बोलू लागलो. अंताजीपंत काळे यांनी पै-पैसा गोळा करून उभारलेला पैसा फंड, त्याला लोकमान्यांनी दिलेले पाठबळ, त्यातून १९०८ साली तळेगावला निघालेला काचेचा कारखाना, असे सारे ऐकवले. मुलांच्या हाती परदेशी खेळणे कशाला, आपली देशी पेटीच घ्यावी, असा निर्णय दिला. शिक्षिकेने शांतपणे ऐकून घेतले आणि मग सांगितले की यामाहा या जपानी कंपनीचा कारखाना २०१९ पासून चेन्नईजवळ आहे, तिथे आपलेच कामगार कीबोर्ड बनवतात आणि त्यांत तबल्याचे व सतारीचे आवाजही भरलेले असतात. शिवाय, ती म्हणाली, "सर, पेटी तरी मुळात आपली कुठे आहे?"

प्रश्न रास्त होता. हार्मोनियम पॅरिसमध्ये जन्मली. आलेक्सांद्र दबॅं या कारागिराने १८४० च्या सुमारास तिचा हक्क नोंदवला. ते वाद्य खुर्चीवर बसून, दोन्ही पायांनी भाता चालवून वाजवायचे. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या सामानाबरोबर ते इकडे आले. आपली बैठक जमिनीवरची, तेव्हा पायांचे काम हाताकडे देणे भाग होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांचे नाव या फेरबदलाशी जोडले जाते. त्यांच्या 'द्वारकिन' या पेढीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत हातपेटी घरोघर पोहोचवली. भाता मागे गेला, डावा हात त्यावर आणि उजवा हात पट्ट्यांवर आला, खर्ज सतत धरून ठेवणारे खटके बसले. युरोपात ते वाद्य पुढे मागे पडले. आपल्याकडे मात्र ते कीर्तनात, गुरुद्वारात, कव्वालीत आणि तमाशाच्या फडातही जाऊन बसले.

मराठी माणसाने तर तिला घरचीच मानली. संगीत नाटकाने पायपेटीला ऑर्गन म्हणून रंगमंचासमोर मानाची जागा दिली. 'मानापमाना'च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे हे आधी पेटीवादक म्हणून ख्यातनाम होते. आपल्या ग्वाल्हेरचे भैय्यासाहेब गणपतराव हे शिंदे घराण्यातले, त्यांनी ठुमरी पेटीवर अशी काही बोलती केली की उत्तर हिंदुस्थानातील गायिका त्यांचा शब्द झेलीत. मुंबईत १९२५ मध्ये सुरू झालेली हरिभाऊ विश्वनाथ यांची पेढी पेट्यांसाठी नावाजली. पण पेटीचे लाकूड, कातडे, कारागीर आणि गिऱ्हाईक सगळे इथले असले, तरी आतले पितळी सूर बराच काळ जर्मनीहून नाही तर पॅरिसहून येत. वडीलधाऱ्यांच्या त्या वाक्याचा उगम हा.

याच देशी-विदेशी वादात पेटीला वनवासही घडला, आणि तो तीस वर्षांचा. आनंद कुमारस्वामींसारख्या विचारवंताने विसाव्या शतकाच्या आरंभीच तिच्यावर टीका केली होती. रवींद्रनाथांना ती मुळीच रुचत नसे. जानेवारी १९४० मध्ये त्यांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून तिला हद्दपार करावे असे सुचविले. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रात पाश्चात्त्य संगीत पाहणारे जॉन फोल्ड्झ हे इंग्रज संगीतकार तिचे कडवे विरोधक होते. हिंदी संगीताची शुद्धता राखण्यासाठी एका इंग्रजाने एका फ्रेंच वाद्याविरुद्ध मोहीम उघडावी, यातील गंमत त्या काळी कोणाच्या लक्षात आली असेल काय? १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटी बंद झाली. स्वातंत्र्य आले तरी बंदी उठली नाही. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर आपलेच, पुण्याचे. अभिजात संगीताचे मोठे चाहते. त्यांच्या कारकीर्दीत चित्रपटगीतांनाही आकाशवाणीवर आवर पडला आणि श्रोते सिलोनकडे वळले. पेटीला तर दार बंदच राहिले. १९७० मध्ये आकाशवाणीने या विषयावर चर्चासत्र घेतले आणि त्यानंतर १९७१ मध्ये बंदी सैल झाली, तीही आधी वरच्या श्रेणीच्या कलावंतांच्या साथीपुरती.

बंदी घालणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पेटीचे सूर ठोकून बसवलेले असतात. मींड तिच्यातून निघत नाही, आंदोलित गंधार तिला जमत नाही, आणि समान अंतरांवर लावलेली तिची सप्तके तानपुऱ्याच्या स्वयंभू गंधाराशी नेमकी जुळत नाहीत. तिच्यामुळे सारंगी मागे हटली हेही खरे. आमच्या भोपाळचे उस्ताद अब्दुल लतीफ खाँ यांची सारंगी ज्यांनी ऐकली आहे त्यांना या हानीचे मोल सांगावे लागणार नाही. पण वाद कानाचा होता, त्याला राष्ट्राभिमानाचे वस्त्र नेसवले गेले, असे मला वाटते. कारण त्याच काळात व्हायोलिन आकाशवाणीवर सुखेनैव वाजत होते. ते तर मापाने, आकाराने आणि नावानेही विलायती! गजाननबुवा जोशी, वि. गो. जोग अशा आपल्या माणसांनी ते हिंदुस्थानी पद्धतीने गाते केले आणि त्याला कोणी परके म्हटले नाही. पेटी मात्र इथल्या सुताराने घडवलेली असूनही परकी ठरली. पुढे मनोहर चिमोटे यांनी तिच्यावर स्वतंत्र वादनाची तपश्चर्या केली आणि तिला 'संवादिनी' म्हटले. नाव संस्कृत मिळाले, एवढ्याने अनेकांचा राग निवळला हेही मी पाहिले आहे.

असो. शाळेच्या पेटीकडे वळतो. नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागवली, नियमाप्रमाणे सर्वांत कमी दराचे मंजूर झाले. पेटी आली. दर्शनी भागावर सोनेरी अक्षरांत 'भारतात निर्मित' असे लिहिलेले होते आणि मी ते शिक्षिकेला मुद्दाम दाखवले. पहिला पावसाळा येताच पट्ट्या फुगल्या. मध्यम दाबला की शेजारचा पंचमही कण्हू लागे. भात्यातून वारा जाई तो सुरांत न जाता फटींतून बाहेर पडे. प्रार्थनेला मुले एका सुरात आणि पेटी दुसऱ्या सुरात, असे पंधरा दिवस चालले. मग तिला कपाटात ठेवले.

जुन्या शहरात चौकाजवळ एक वृद्ध कारागीर पेट्या दुरुस्त करतात, असे कळले म्हणून ती रिक्षात घालून घेऊन गेलो. त्यांनी झाकण उघडले, आतल्या फळीवर बोट फिरवले आणि म्हणाले, "साहब, देसी तो है, मगर बनाने वाले ने बजाकर नहीं देखी।" मग त्यांनी मला सुराची विद्या समजावली. पितळेच्या चौकटीत बसवलेली ती लहानशी जीभ. टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाकडे घासली की उतरतो. एका जिभेला किती घासावे याचे माप कोठे लिहिलेले नसते. ते कानात असते. त्यांच्या वडिलांनी त्यांना सहा महिने फक्त ऐकायला बसवले होते. त्यांचा मुलगा आता मोबाइल दुरुस्त करतो.

मी आमच्या घरच्या जर्मन सुरांचा उल्लेख केला, अर्थात जरा ऐटीतच. ते हसले. ते सूर आता मिळत नाहीत, म्हणाले. आता सूर गुजरातेत, पालिताण्याला होतात. तिथेही उत्तम सूर निघतो, पण त्याचा दाम वेगळा, आणि दरपत्रकाच्या पेटीत तो कोणी घालत नाही. जर्मन सुरांचे एवढे कौतुक होते ते जर्मनीचे नव्हतेच. ज्याने ते घडवले त्याला पुरता वेळ आणि पुरते पैसे मिळाले होते, याचे ते होते. हे त्यांच्या दुकानातून परतताना मला उमगले. पन्नाशी उलटून गेल्यावर.

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका लग्नानिमित्त सांगलीस जाणे झाले, तेव्हा मिरजेस मुद्दाम गेलो. तिथे सतारी आणि तानपुरे घडवणाऱ्यांचे आडनावच सतारमेकर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने हे काम सुरू केले. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले आणि तेच हात तारांकडे वळले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात, महिनोन् महिने वाळवतात. दांडी तुणीच्या लाकडाची. भोपाळहून आलो असे सांगताच तिथल्या कारागिराने "मग भोपळा तिकडचाच न्या की" अशी कोटी केली. ही कोटी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत, तरी हसलो. त्यांनी घोडी घासून, तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी कशी उघडतात ते दाखवले. एका ठिकाणी धागा थांबला आणि एका तारेतून आणखी तीन स्वर बाहेर पडल्यासारखे झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचा आनंद त्यांना होताच. पण धंद्याचे विचारले तेव्हा ते म्हणाले, "सर, परदेशातला माणूस आधी जवारी ऐकतो. आपला माणूस आधी किंमत ऐकतो."

मला उत्तर सुचले नाही. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये विद्युत तानपुरा केला, तो शंभर टक्के स्वदेशी. आता तर तानपुरा भ्रमणध्वनीतच आहे आणि आमची कन्याही त्यावरच रियाज करते. अडचणीच्या घरात, गाडीच्या प्रवासात त्याचा उपयोग मी नाकारत नाही. पण स्वदेशीच्या त्या कसोटीला तो उतरतो आणि मिरजेच्या कारागिराच्या पोटावरही येतो. तेव्हा माझी कसोटीच अपुरी होती, असे मला त्या शिक्षिकेपाशी कबूल करावे लागले. यंदाच्या अनुदानात आम्ही एकच वस्तू घ्यायची असे ठरवले आहे, मिरजेचा लहान तानपुरा. सर्वांत कमी दराचा नव्हे, तर वाजवून पाहिलेला. याचे समर्थन करणारी टिपणी मी वर पाठवली आहे. ती चार पाने झाली आणि अद्याप उत्तर आलेले नाही.

शाळेची पेटी मात्र परत आली. चौकाजवळच्या त्या कारागिरांनी तीन आठवडे घेतले, पालिताण्याचे अकरा सूर नवे बसवले, भाता पुन्हा मढवला आणि प्रत्येक सूर कानाने जुळवला. मोबदला मागितला चोवीसशे रुपये. आमच्या लिपिकाने पावती पुन्हा पुन्हा पाहिली. 'सूर लावणे' या नावाचे खर्चाचे शीर्षच उपलब्ध नव्हते. शेवटी त्याने ती रक्कम 'फर्निचर दुरुस्ती' या शीर्षाखाली टाकली आणि मी सही केली.