घराचे छायाचित्र आणि दारातला संशय

वर्धा, प्रतिनिधी -

दुपारचे बारा वाजलेले असतात. घरातला कर्ता पुरुष कामावर, मुले शाळेत. गल्लीत दोन अनोळखी तरुण येऊन थांबतात. एकाच्या हातात मोबाईल, दुसऱ्याच्या हातात मोजमापाची फीत. मोबाईल घराच्या दिशेने उचलला जातो न जातो तोच दारातून प्रश्न येतो, 'काऊन भाऊ, फोटो काहाचा काढून राह्यले?' हा प्रश्न विचारणारी बाई चुकीचे काही करत नाही. तरुणांपाशी त्याचे नीट उत्तर असेल तर काम पाच मिनिटांत आटोपते. नसेल तर शेजारचे दोन जण, मग पाच, मग पानठेल्यावरची मंडळी, असा घोळका जमू लागतो.

मालमत्तेच्या मूल्यांकनासाठी घरांची छायाचित्रे काढण्याचे काम आता वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी यांसारख्या नगरपालिकांच्या शहरांपुरते राहिलेले नाही. गावठाणातही ते पोहोचले आहे. मात्र, एकाच घरासमोर निरनिराळ्या कारणांनी निरनिराळी माणसे कॅमेरा घेऊन उभी राहतात आणि दारातल्या माणसाला त्यांच्यातला फरक कोणी समजावून सांगत नाही. संशयाचे मूळ बरेचसे येथेच आहे.

पहिले कारण कराचे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार मालमत्तांची कर आकारणी ठरावीक काळाने नव्याने करावी लागते. पालिकेच्या भाषेत तिला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. घर भाड्याने दिल्यास वर्षाला किती भाडे येऊ शकेल याचा अंदाज बांधायचा, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे आणि उरते ते करयोग्य मूल्य, अशी ही पारंपरिक पद्धत. वार्षिक भाडे २४ हजार रुपये धरले तर करयोग्य मूल्य २१ हजार ६०० रुपये होते. छायाचित्राचा संबंध या अंदाजाशी आहे. कवेलूचे छप्पर जाऊन स्लॅब पडला का, वर मजला चढला का, पुढच्या खोलीत दुकान निघाले का, हे छायाचित्रात लपत नाही. कर वाढण्याची भीती त्यामुळे निराधार म्हणता येत नाही. 'हा फक्त सर्व्हे आहे, याने काही होत नाही' असे सांगून वेळ मारून नेणारा कर्मचारी पुढच्या वेळी येणाऱ्या सहकाऱ्याची वाट अधिक बिकट करून जातो.

दुसरे कारण बँकेचे. गृहकर्ज मंजूर करण्यापूर्वी बँकेच्या यादीवरील मूल्यांकनकार घराची पाहणी करतो. दर्शनी भाग, वीजमीटर, रस्ता, चतुःसीमा यांची छायाचित्रे घेतो. कर्ज घेणाऱ्याने त्याला स्वतःच बोलावलेले असल्याने घरातून विरोध होत नाही. कुतूहल असते ते शेजाऱ्यांना. पण कर्ज थकले की चित्र पालटते. २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँक ६० दिवसांची मागणी नोटीस देते, ताब्याची नोटीस वर्तमानपत्रात छापून येते आणि विक्रीपूर्वी मालमत्तेचे मूल्यांकन करून घ्यावे लागते. अशा वेळी दारात उभा राहणारा मूल्यांकनकार घरच्यांना लिलावाचा दूतच वाटतो. खरे तर थकबाकीशी त्याचा काही संबंध नसतो. तरी राग निघतो तो त्याच्यावर. या भेटीत मोठ्याने 'बँकेकडून आलो आहे' असे गल्लीत पुकारणे हा शहाणपणा नव्हे. कर्जाची गोष्ट शेजाऱ्यांच्या कानी जाणे हीच त्या कुटुंबाला सर्वांत मोठी नामुष्की वाटते.

तिसरे कारण गावठाणाच्या मोजणीचे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना जाहीर केली. त्याआधीच पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाण मोजण्याचा प्रयोग महाराष्ट्राने करून पाहिला होता. या योजनेत ग्रामसभेत माहिती दिली जाते, मालकांनी आपापल्या हद्दीवर चुन्याची फक्की टाकायची असते, मग ड्रोन उडते, नकाशा तयार होतो, चौकशी होऊन सनद व मिळकत पत्रिका मिळते. येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. आकाशातून छायाचित्र घेणारे यंत्र जमिनीवरच्या माणसापेक्षा अधिक भीतिदायक वाटायला हवे होते. पण चुन्याची रेघ स्वतःच्या हाताने ओढलेली असली की ड्रोन कशासाठी आले हे घरातल्या पोरालाही ठाऊक असते. उलट २०२४ च्या जुलै महिन्यात बीड आणि जालना जिल्ह्यांतील गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालू लागले, त्यांचा मालक कोण हे कोणालाच सांगता येईना, तेव्हा चोरट्यांच्या टेहळणीच्या धास्तीने गावकऱ्यांनी रात्री जागून काढल्या.

छायाचित्र काढून घेण्यास वर्धा जिल्ह्यातली माणसे मुळातच नाराज असतात, असेही नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाचा पुढचा हप्ता बांधकामाच्या त्या त्या टप्प्याचे छायाचित्र अपलोड झाल्यावरच सुटतो. तेथे अभियंता कधी येतो याची वाट पाहिली जाते, फोन केले जातात. जुलै २०२२ मध्ये वणा नदीच्या पुराने हिंगणघाट परिसरात घरे पाण्यात गेली, तेव्हा पंचनाम्यासाठी पडलेली भिंत दाखवायला लोक स्वतः पुढे येत होते. म्हणजे कॅमेरा तोच, भिंतही तीच. फरक पडतो तो छायाचित्रातून काही मिळणार की काही जाणार यामुळे.

जिल्ह्याची काही खास कारणेही आहेत. पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या रात्रीची तेथील आग आसपासच्या गावांच्या अजून स्मरणात आहे. त्या पट्ट्यात अनोळखी माणसाने कॅमेरा काढला तर लोकांनी हटकणे स्वाभाविकच मानावे लागेल, आणि मूल्यांकनकारानेही चौकटीत काय काय येते याचे भान ठेवायला हवे. समृद्धी महामार्गासाठी जिल्ह्यात भूसंपादन झाले, तेव्हा जमिनीबरोबर घरे, विहिरी, झाडे यांचेही मूल्य ठरले. पुढे पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्गाचा प्रस्ताव आला आणि कोल्हापूर, परभणी यांसारख्या जिल्ह्यांत मोजणीलाच विरोध झाला. फीत घेतलेला माणूस दिसला की 'रस्ता आमच्या घरावरून चालला का?' असा प्रश्न पवनार परिसरात कोणी विचारला, तर त्याला अडाणी म्हणण्याचे कारण नाही.

संशयाचे टोक काय असू शकते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाहिले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या व्हॉट्सॲपवरील अफवांनी वातावरण तापलेले असताना, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून आले होते. त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता की कुणाच्या कराचा कागद नव्हता. तेव्हा सर्वेक्षणाला निघालेल्या तरुणाने घोळका जमू लागताच वाद न घालता बाजूला होणे आणि गावातल्या पोलीस पाटलाला किंवा कार्यालयाला फोन लावणे, याला पळपुटेपणा समजू नये. ठरवून दिलेली घरे त्या दिवशी पूर्ण झाली नाहीत तरी चालते. कंत्राटदारांनी घरामागे पैसे देण्याची रीत ठेवली की मात्र हा सल्ला कागदावर राहतो.

परदेशातले लोक याला अपवाद आहेत असे नाही. एप्रिल २००९ मध्ये इंग्लंडमधील ब्रॉटन गावच्या रहिवाशांनी गुगल स्ट्रीट व्ह्यूची मोटार रस्त्यात साखळी करून अडवली होती. घरांची चित्रे चोरट्यांच्या उपयोगी पडतील, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे जुलै २०२२ मध्ये हीच सेवा भारतीय कंपन्यांच्या मदतीने पुणे, नाशिकसह दहा शहरांत सुरू झाली आणि तिची फारशी चर्चाही झाली नाही.

प्रत्यक्ष कामात ज्या गोष्टी उपयोगी पडतात त्या साध्याच आहेत. ओळखपत्र खिशात नव्हे, गळ्यात हवे. नेमणुकीचे पत्र मराठीत आणि त्यावर कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक हवा. आधी कडी वाजवायची, 'काकाजी, नगरपालिकेतून आलो, कराच्या नोंदीसाठी समोरून एक फोटो घ्यायचा आहे' असे सांगायचे आणि मग मोबाईल काढायचा. क्रम उलटला की सारेच बिघडते. अंगणात बाई उभी असेल, दोरीवर कपडे असतील तर थांबावे, आणि काढलेले छायाचित्र घरच्यांना तेथेच दाखवावे. घरात बाई एकटी असेल तर आत न जाता पुन्हा यावे. पथकात एखादी स्त्री असेल तर निम्मी अडचण संपते. पण पुरुषांची जोडी पाठविण्याची सवय मोडत नाही. कचऱ्याची घंटागाडी रोज दारोदार फिरते. तिच्या भोंग्यावरून प्रभागात पथक कोणत्या दिवशी येणार हे आधी सांगितले तर खर्च काहीच येत नाही. गावात दवंडी आणि ग्रामपंचायतीचा फलक आहेच.

रहिवाशांनीही पत्र मागावे, ते वाचावे, शंका आल्यास त्यावरील क्रमांकावर विसंबून न राहता कार्यालयाच्या माहितीतल्या क्रमांकावर विचारावे. घर मोजायला बँक खात्याचा क्रमांक किंवा ओटीपी लागत नाही. तो मागणारा तोतया समजावा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला असल्याने आतल्या खोल्यांचे छायाचित्र कशाला हवे, हे विचारण्यात गैर काही नाही. मात्र दार लावून घेतल्याने आकारणी टळत नाही. बाहेरून दिसेल त्यावरून अंदाज बांधला जातो, आणि तो अंदाज घरमालकाच्या बाजूने असेलच असे नाही.

आकारणीची यादी प्रसिद्ध झाल्यावर नोटिशीत दिलेल्या मुदतीत आक्षेप नोंदविता येतो आणि त्यावर सुनावणी होते. आक्षेप लिहिण्यापूर्वी पालिकेत जाऊन आपल्या मालमत्ता क्रमांकापुढे जोडलेले छायाचित्र आपल्याच घराचे आहे ना, मजले आणि क्षेत्रफळ तेच आहे ना, हे पाहून घ्यावे. शेजाऱ्याचा दुमजली बंगला आपल्या क्रमांकावर चढलेला असेल, तर सुनावणीत दाखवायला आपल्या घराचे, समोरून काढलेले, स्पष्ट छायाचित्र लागेल.