कुटीतला एकान्त: समज आणि वस्तुस्थिती

जंगलात लाकडी कुटी, आसपास चिटपाखरू नाही, फोन बंद आणि आपण एकटेच डोळे मिटून बसलेलो, हे ध्यानाच्या एकान्ताचं चित्र अनेकांच्या मनात पक्कं बसलं आहे. त्यामागचा समज असा, की माणसांपासून जितकं लांब जावं तितकी साधना खोल होते. ज्यांनी अरण्यवास पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्यांचे नियम मात्र वेगळंच सांगतात. बौद्ध विनयानुसार अरण्यातलं निवासस्थान गावापासून किमान पाचशे धनुष्यं, म्हणजे साधारण एक किलोमीटर लांब हवं. त्याहून फार दूर जाणं भिक्खूला परवडतही नाही. त्याला अन्न साठवायची मुभा नाही आणि माध्यान्हानंतर जेवायची परवानगी नाही, म्हणून रोज सकाळी भिक्षेसाठी गाव गाठावंच लागतं. दाता नसताना, सामानसुमान मागून आणून स्वतःपुरती कुटी बांधायची, तर तिचं मापही ठरलेलं आहे: बुद्धाच्या वितीनं बारा विती लांब, सात विती रुंद. शिवाय बांधण्याआधी जागा इतर भिक्खूंना दाखवावी लागते. तिथे मुंग्या-वाळवीची वारुळं आहेत का, साप-विंचवांचा, हत्ती-वाघांचा धोका आहे का, कुटीभोवती फिरण्याइतकी मोकळी जागा आहे का, हे पाहून ते संमती देतात. एकट्यानं राहण्याची जागासुद्धा एकट्यानं ठरवायची नाही, इतका हा विचार पक्का आहे. थायलंडमध्ये अजान चा यांनी 1954 साली स्थापन केलेल्या वाट नोंग पा पोंग या अरण्यविहारातही भिक्खू झाडीत विखुरलेल्या कुट्यांमध्ये राहतात, पण भिक्षा आणि भोजन संघाबरोबरच होतं.

रानात गेलं की मन आपोआप शांत होतं, हा दुसरा समज. बुद्धानं ‘भयभेरव’ सुत्तात बोधीपूर्वीच्या आपल्या रानातल्या रात्रींचं वर्णन केलं आहे. एखादं जनावर जवळून जावं, मोरानं काटकी मोडावी, वाऱ्यानं पाचोळा सळसळावा, की भीती दाटून यायची. त्यावर त्यानं ठेवलेला नेम साधा होता. चालताना भीती आली तर चालतच राहायचं, बसलेलं असताना आली तर बसूनच राहायचं. ती ओसरेपर्यंत आसन बदलायचं नाही. मेघिय भिक्खूची कथा तर या बाबतीत निर्णायक आहे. नदीकाठची आमराई आवडली म्हणून ‘थांब’ असं बुद्धानं सांगूनही तो एकटाच ध्यानाला गेला आणि वासना, द्वेष, हिंसेच्या विचारांनी बेजार होऊन परतला. मन परिपक्व होण्यासाठी लागणाऱ्या पाच गोष्टी बुद्धानं त्याला सांगितल्या. त्यांत पहिली होती कल्याणमित्र. आजचं संशोधनही या सावधगिरीला दुजोरा देतं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं नुसतं विचार करत बसायला सांगितलं होतं. तेवढ्या वेळात 18 पैकी 12 पुरुषांनी आणि 24 पैकी 6 स्त्रियांनी बटण दाबून स्वतःला विजेचा सौम्य झटका देऊन घेतला. 2017 साली लिंडाल, ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या मुलाखतींतून ध्यानातल्या अवघड अनुभवांचे 59 प्रकार नोंदवले. त्यांत भीती आहे, झोप उडणं आहे, भासही आहेत. ध्यान वाईट, असा याचा अर्थ काढू नये. पण असं काही झालं तर ओळखणारं आणि सावरणारं माणूस जवळ हवं.

यावर कोणी बौद्ध भिक्षुणी तेनझिन पाल्मो यांचं उदाहरण देईल. लाहौलमध्ये चार हजार मीटर उंचीवरच्या गुहेत त्या 1976 ते 1988 अशी बारा वर्षं राहिल्या, शेवटची तीन तर पूर्ण एकान्तात. उदाहरण खरं आहे, पण त्याचा आधीचा भाग सहसा कोणी सांगत नाही. त्यांनी दीक्षा 1964 साली घेतली होती. गुरूंच्या हाताखाली आणि नंतर लाहौलच्याच मठात तयारी करण्यात बारा वर्षं गेली. गुहेत त्या बटाटे आणि सलगम पिकवत, पण शिधा आणि सरपण खालच्या लोकांनी पोहोचवल्याशिवाय तिथला हिवाळा निघण्यासारखा नव्हता.

मग हौसेनं दोन-तीन दिवस कुटीत राहायला जाणाऱ्यानं जाऊच नये का? अवश्य जावं. तेवढ्या दिवसांचं मौन आणि विश्रांतीही मोलाची आहे. मात्र दीर्घ एकान्ताची पहिलीच वेळ असेल, तर सुरुवात एकट्यानं करू नये. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरात मौन असतं, पण जेवण सेवक रांधतात आणि अडचण आली तर आचार्यांशी बोलता येतं. तिथली दीर्घ शिबिरंही जुन्या साधकांसाठीच असतात. ज्यांना पूर्वी तीव्र नैराश्य किंवा मनोविकाराचा त्रास झाला आहे, त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि चालू असलेली औषधं स्वतःच्या मनानं थांबवू नयेत. बाकीच्यांनीही कुटीचा ठावठिकाणा आणि परतायचा दिवस घरच्या माणसाला लिहून द्यावा आणि रोज ठरलेल्या वेळी खुशाली कळवावी.